दोन भाषांमधील लेखणी : एक नवा व्यवसाय

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवप्रसंगी केलेले भाषण)



मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक झालेला प्राथमिक शिक्षक. उभे आयुष्य फळा, खडू आणि हजेरीपट यांतच गेले. अशा माणसाने परदेशी भाषा आणि जाहिरातीचा व्यापार यांविषयी बोलावे, हे आपणांपैकी अनेकांस नवल वाटेल. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा तेही क्षणभर थबकले. परंतु ह्या विषयाशी माझा संबंध आला तो माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे, तर माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे आला. ती चूक ह्या मंडळाच्या नोंदवहीत, माझ्याच हस्ताक्षरात, नमूद आहे. तेव्हा तिचे परिमार्जनही येथेच व्हावे, हे उचित.

सेवानिवृत्तीनंतर आपल्या वधू-वर नोंदवहीचे काम मजकडे आले. २०२१ साली परिचय-पुस्तिका छापावयाची होती. त्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे नाव होते. नाव, जन्मतारीख, शिक्षण, उंची असे रकाने भरीत मी ‘व्यवसाय’ ह्या रकान्यापाशी आलो. मुलगी चिनी भाषेची पदवीधर, एका कंपनीत चार वर्षे नोकरी करून ती सोडलेली, आणि आता पुण्यास घरीच संगणकापुढे बसून काही लिहिते, एवढे मला ठाऊक होते. मी त्या रकान्यात लिहिले : ‘नोकरी नाही. घरीच असते.’

पुस्तिका छापून घरोघर गेली. दिवाळीत बहिणीकडे गेलो असता भाचीने ती माझ्यापुढे ठेविली आणि शांतपणे म्हणाली, “मामा, मी रोज दहा-दहा तास काम करते, आयकर भरते, आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा खर्चही मीच केला. आणि तुमच्या वहीत मात्र मी रिकामी बसलेली आहे. मला राग नाही आला. पण माझ्यामागून येणाऱ्या मुलीने हे वाचले, तर ती ह्या वाटेला कशाला जाईल?”

मजजवळ उत्तर नव्हते. ज्याने चाळीस वर्षे मुलांच्या वह्यांतील चुका तांबड्या शाईने दाखविल्या, त्याच्या वहीत ही चूक. म्हणून मी तिला म्हणालो, “तुझे काम काय ते मला समजावून सांग. मी विद्यार्थी म्हणून ऐकतो.” त्या चार दिवसांत, आणि पुढे अनेक भेटींत, जे समजले ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

जाहिरातीसाठी जे शब्द लिहिले जातात त्यांस आपण मजकूर म्हणतो. पत्रक, सूचिपत्रक, वेष्टनावरील ओळी, इंटरनेटवरील दुकानातील मालाचे वर्णन, हे सारे कोणीतरी लिहावे लागते. जो एका कंपनीचा चाकर न होता निरनिराळ्या गिऱ्हाइकांस असा मजकूर लिहून देतो व कामागणिक मोबदला घेतो, तो स्वतंत्र जाहिरातलेखक. इंग्रजीत त्यास फ्रीलान्स म्हणतात. आता चीनमधील कारखानदारास आपला माल इंग्रजी जाणणाऱ्या जगात विकावयाचा आहे, आणि इंग्लंड-अमेरिकेतील व्यापाऱ्यास आपला माल चीनमध्ये न्यावयाचा आहे. त्या दोघांमध्ये दोन्ही भाषा जाणणारी लेखणी हवी. भाचीचे काम हेच. चिनी मजकुरावरून ती इंग्रजी मजकूर सिद्ध करते. इंग्रजीवरून चिनी करावयाचे असेल, तर ते काम सिंगापूर येथील तिची एक चिनी सहकारी करते. कारण, भाची म्हणते, जी भाषा आपल्या हाडीमासी खिळलेली असेल तिच्यातच विकाऊ मजकूर लिहावा, दुसरीतून केवळ समजून घ्यावे.

प्रथम मला वाटले, हे तर भाषांतर. शब्दकोश जवळ असला की झाले. तिने मला एक उदाहरण दाखविले. झेजियांग प्रांतातील एका कारखान्याचा थर्मास होता. मूळ चिनी पत्रकावर चार-चार अक्षरांची वाक्ये ओळीने मांडलेली : गुणवत्ता प्रथम, ग्राहक सर्वोच्च, आणि अशीच आणखी. चिनी वाचकाच्या कानास हा चार अक्षरांचा ठेका गोड लागतो. आपल्याकडे लग्नपत्रिकेवरील ठरावीक शब्दांविना जसे चुकल्यासारखे वाटते, तद्वत् तेथे. परंतु हेच इंग्रजीत शब्दशः उतरविले, तर वाचणाऱ्यास त्यातून काहीच कळत नाही. भाचीने कारखान्यास उलट पत्र धाडले : आतील पोलाद कोणत्या प्रतीचे? ३०४ असल्यास ते आत-बाहेर दोन्हीकडे आहे की केवळ आत? उकळते पाणी सहा तासांनी किती अंशांवर राहते? झाकण उलटे धरल्यास गळते काय? चार दिवसांनी उत्तरे आली. मग तिने चार साध्या इंग्रजी वाक्यांत ती मांडली. मूळ पत्रकातील एकही वाक्य त्यांत नव्हते, आणि तरीही मूळ पत्रकास जे सांगावयाचे होते ते सारे होते.

हे ऐकून मला येन फू यांच्याविषयी तिने सांगितलेले तत्त्व पटले. हे चिनी पंडित. हक्स्ली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाच्या उत्क्रांती व नीती यांवरील ग्रंथाचे त्यांनी चिनी रूपांतर केले, ते १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी भाषांतराच्या तीन अवघड गोष्टी सांगितल्या : शिन, ता आणि या. शिन म्हणजे मुळाशी इमान, ता म्हणजे अर्थ वाचकापर्यंत पोहोचणे, आणि या म्हणजे भाषेचे सौष्ठव. सव्वाशे वर्षांनंतरही चीनमध्ये भाषांतर शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ही तीन अक्षरे सांगितली जातात. त्यांचा क्रम ध्यानात घ्या. इमान प्रथम, सौष्ठव शेवटी.

चीनमध्ये परकीय मालाचे नामकरण हेही ह्याच व्यवसायाचे एक अंग होय. चिनी लिपीत आपल्यासारखी वर्णमाला नाही. प्रत्येक अक्षरास ध्वनीही असतो आणि अर्थही. त्यामुळे परकीय नाव लिहावयाचे म्हणजे केवळ उच्चार जुळवून भागत नाही. निवडलेल्या अक्षरांतून काही भलताच अर्थ निघू शकतो. कोका-कोला ह्या पेयास तेथे जे नाव आहे त्याचा उच्चार ‘खखौ-खल’ असा मूळ नावाजवळचा, आणि अर्थ ‘तोंडास रुचकर व आनंददायक’ असा. बेन्झ मोटारीचे नाव ‘भरधाव धावणे’ ह्या अर्थाच्या अक्षरांनी लिहितात. बी.एम.डब्ल्यू. ही तेथे ‘बाओ-मा’, म्हणजे अमोल अश्व. फ्रान्समधील कार्फूर ह्या दुकानांस जे नाव दिले त्यात घर, आनंद आणि भाग्य ही तिन्ही अक्षरे येतात. बारशाला आत्याबाईंना जेवढा विचार करावा लागत नाही तेवढा येथे करावा लागतो, असे भाची हसून म्हणाली.

आणि धोकेही तितकेच. चिनी भाषेत चार ह्या अंकाचा उच्चार मृत्यू ह्या शब्दाशी जवळचा, म्हणून किमतीत वा मालाच्या क्रमांकात चार टाळावा; आठाचा उच्चार भरभराटीच्या शब्दासारखा, म्हणून तो आवडता. घड्याळ भेट देणे हे शब्द उच्चारले असता ‘मरणाऱ्यास अखेरचा निरोप देणे’ ह्या शब्दांसारखे ऐकू येतात. तेव्हा ‘वडिलांच्या वाढदिवसास घड्याळ द्या’ अशी जाहिरात आपल्याकडे शोभली तरी तेथे अनर्थ करील. लिपीही एक नाही. चीनने १९५६ साली अक्षरे सोपी करण्याची योजना जाहीर केली व ती सोपी लिपी आज चीनमध्ये आणि सिंगापुरातही चालते. परंतु हाँगकाँग व तैवान येथे जुनीच अक्षरे लिहितात. हाँगकाँगमध्ये लोक कँटनी बोलतात, आणि १९७४ पासून तेथे इंग्रजीबरोबर चिनीही राजभाषा आहे. एकच पत्रक तिन्ही ठिकाणी धाडणारा व्यापारी तीनपैकी दोन ठिकाणी परका ठरतो.

बंधुभगिनींनो, दोन भाषांमध्ये उभे राहणे हे पूर्वी किती जोखमीचे होते, त्याची एक गोष्ट सांगतो. १७५७ ते १८४२ ह्या काळात चीनच्या बादशहाने पाश्चात्त्यांचा समुद्रमार्गे व्यापार केवळ कँटन ह्या एका बंदरापुरता बांधून ठेविला होता. आपल्या मुंबईच्या व्यापाऱ्यांची गलबतेही कापूस आणि दुर्दैवाने अफू घेऊन त्याच बंदरास लागत. त्या काळी परकीयास चिनी भाषा शिकविणे हा अपराध मानला जाई. जेम्स फ्लिंट नावाचा इंग्रज चिनी शिकला होता. १७५९ साली त्याने कँटनच्या अधिकाऱ्यांविरुद्ध चिनी भाषेतील अर्ज थेट बादशहाकडे धाडला. फ्लिंटला तीन वर्षे कैद झाली; परंतु त्यास अर्ज लिहिण्याच्या कामी साह्य करणाऱ्या चिनी शिक्षकास देहान्त शासन झाले. मी स्वतः शिक्षक असल्यामुळे ही हकिकत ऐकून माझ्या अंगावर शहारा आला. एका अर्जाच्या मजकुरासाठी एका गुरुजींनी प्राण गमावले.

जाहिरातीचा धंदाही तेथे एकदा समूळ लोपला होता. सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत व्यापारी जाहिरात ही भांडवलशाहीची खूण ठरली. पुढे धोरण पालटले. १४ जानेवारी १९७९ रोजी शांघायच्या ‘वन्हुइ’ दैनिकात जाहिरातीस पुन्हा मान मिळावा असे प्रतिपादन करणारा लेख आला, आणि दोनच आठवड्यांनी, २८ जानेवारीस, शांघाय दूरचित्रवाणीवर औषधी मद्याची जाहिरात झळकली. नव्या चीनमधील दूरचित्रवाणीवरची ती पहिली जाहिरात. मार्च महिन्यात त्याच केंद्रावरून राडो ह्या परदेशी घड्याळाची जाहिरात झाली. म्हणजे ज्या व्यवसायाविषयी मी बोलतो आहे, त्याचे आजचे रूप मी एस.एस.सी. झाल्यानंतरचे आहे. तो आम्हांस ठाऊक नसावा यात आश्चर्य नाही. परंतु ठाऊक नाही म्हणून तो नाहीच असे लिहावे, हे मात्र क्षम्य नव्हे.

येथे कोणी विचारील, आणि २०२० साली अनेकांनी विचारलेही, की शत्रूची भाषा कशाला? त्या वर्षी १५ जूनला गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने एकोणसाठ चिनी उपयोजनांवर बंदी घातली, त्यांत वीचॅट होते, आणि चिनी गिऱ्हाइकांशी बोलण्याचे भाचीचे मुख्य साधन तेच होते. तिची निम्मी गिऱ्हाइके तुटली. त्याच सुमारास आपल्यापैकीच काहींनी बहिणीस टोमणे मारले. मी स्वतः ते ऐकले आणि गप्प राहिलो, हेही येथे कबूल करितो. आज माझे उत्तर असे : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले. तेथील भाषा त्यांनी शिकून घेतली, रुग्णांशी व विद्यार्थ्यांशी ते त्याच भाषेत बोलू लागले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी सेवा करीत असतानाच निवर्तले. भाषा शिकल्याने त्यांचे भारतीयत्व यत्किंचितही उणे झाले नाही. शेजारी मित्र असो वा वैरी, त्याचे बोलणे समजणारी माणसे आपल्या घरात असावीत. ती नसणे हेच अधिक धोक्याचे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ह्या व्यवसायात खरी कसोटी कोठे लागते, ते एका प्रसंगावरून मला उमगले.

चीनचा जाहिरातविषयक कायदा २०१५ साली सुधारून अधिक कडक करण्यात आला. ‘राष्ट्रीय दर्जाचे’, ‘सर्वोच्च दर्जाचे’, ‘सर्वोत्कृष्ट’ असे शब्द जाहिरातीत वापरण्यास मनाई आहे, आणि दंड दोन लाख ते दहा लाख युआन इतका आहे. आपल्या बाजारात दर दुसऱ्या पाटीवर ‘सर्वोत्तम’ लिहिलेले असते. तेथे ती पाटी लावणारा संकटात पडेल. तसेच औषध नसलेल्या वस्तूने रोग बरा होतो असे म्हणण्यासही तेथे बंदी आहे. आपल्याकडेही चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहेच.

फुजियान प्रांतातील एका चहाच्या व्यापाऱ्याने भाचीस मोठे काम दिले. चाळीस प्रकारचे चहा, प्रत्येकाचे इंग्रजी वर्णन. निम्मे काम झाल्यावर त्याने निरोप धाडला की, ह्या चहाने रक्तदाब उतरतो व मधुमेह आटोक्यात येतो, ही दोन वाक्ये इंग्रजीत घालावीत. भाचीने मूळ चिनी मजकूर पुन्हा तपासला. त्यात ही वाक्ये नव्हती. कारण उघड होते : चिनी भाषेत ती छापली असती तर दंड झाला असता. इंग्रजी मजकूर तेथे कोण वाचतो? आणि इंग्रजी वाचणाऱ्या गिऱ्हाइकास चिनी मजकूर कोठे कळतो?

भाचीने कळविले की, चहाचा वास, रंग, कोणत्या डोंगरावरचा, किती वेळ भिजवावा, हे सारे मी लिहीन. ती दोन वाक्ये लिहिणार नाही. काम काढून घेतले गेले. झालेल्या निम्म्या कामाचे पैसेही आले नाहीत. तीन महिन्यांचा संसार त्या कामावर ठरविलेला होता.

मी तेव्हा व्यवहारी माणसाप्रमाणे म्हणालो, “अगं, दोनच वाक्ये! लिहून टाकायची. जबाबदारी व्यापाऱ्याची.” त्यावर ती म्हणाली, “मामा, व्यापाऱ्याला एकच पान वाचता येतं, गिऱ्हाइकाला दुसरं. दोन्ही पानं वाचणारी मी एकटी. दोन पानांत दोन गोष्टी लिहिल्या, तर कोणाला कळणार? फक्त मला. म्हणूनच मला लिहिता येत नाही.”

विद्यार्थी मित्रहो, मी आयुष्यभर नीतिपाठ शिकविले, परंतु इतका नेमका पाठ मला एकाही क्रमिक पुस्तकात सापडला नव्हता. दुभाष्याचे मोल त्याच्या शब्दसंग्रहात नाही. ज्या ठिकाणी त्यास कोणीही पकडू शकत नाही, तेथे तो खरे लिहितो, ह्यात आहे. आणि मला लगेच आठवले की, मीही अशाच एका वहीवर बसलो होतो, जीत मी काय लिहितो हे छापून होईपर्यंत कोणी पाहात नव्हते.

ह्या हकिकतीची अखेर गोड करून सांगण्याचा मोह मी टाळतो. त्या व्यापाऱ्याचे पैसे आजतागायत आलेले नाहीत. मात्र भाचीच्या सिंगापूरच्या सहकारिणीने ही गोष्ट आपल्या एका गिऱ्हाइकास सांगितली, आणि त्या गिऱ्हाइकाने आपले सर्व इंग्रजी सूचिपत्रक भाचीकडे सोपविले. ते काम अद्याप तिच्याकडे आहे.

पालकांच्या मनात पैशाचा प्रश्न असणारच, आणि तो रास्त आहे. ह्या व्यवसायात महिन्याच्या एक तारखेस पगार नाही. चिनी मजकुराचे दर बहुधा हजार अक्षरांमागे ठरतात, इंग्रजीचे शब्दांमागे; नामकरण वा घोषवाक्य यांस एकरकमी मोबदला मागावा, कारण चार शब्दांमागे चार दिवसांचा विचार असतो. ग्वांगझोऊ येथे १९५७ पासून वर्षातून दोनदा मोठी निर्यात-जत्रा भरते, एप्रिलच्या व ऑक्टोबरच्या मध्यास. त्यापूर्वीचे सहा आठवडे काम मावत नाही. चीनमध्ये ११ नोव्हेंबरला खरेदीचा मोठा सण होतो, २००९ साली एका इंटरनेट-व्यापारी कंपनीने सुरू केलेला. त्याची लगबग सहकारिणीकडे असते. परिणामी घरात चकल्यांचा घाणा चालू असतो आणि ही मुलगी दार लावून लिहीत बसते. उलट चिनी नववर्षाच्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत, कारखाने बंद व पेटी रिकामी.

म्हणून भाचीने सांगितलेले नियम मी येथे मुलांसाठी सांगतो. पहिला, भाषा पक्की व्हावयास वर्षे लागतात. चीन सरकारने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रमाण यादीत आठ हजार एकशे पाच अक्षरे आहेत, त्यांतील साडेतीन हजार नित्याची. सहा महिन्यांत चिनी शिकविण्याचे आमिष दाखविणाऱ्यांपासून दूर राहावे. दुसरा, आधी तीन-चार वर्षे कोठेतरी नोकरी करावी. व्यापार कसा चालतो हे चाकरीतच कळते. तिसरा, सहा महिन्यांचा घरखर्च गाठीस असल्याविना नोकरी सोडू नये. चौथा, काम घेण्यापूर्वी सारे लेखी असावे : किती शब्द, किती दिवस, किती वेळा दुरुस्ती, आणि निम्मी रक्कम विसार म्हणून आधी. चहाच्या कामात विसार घेतला नव्हता, ही स्वतःची चूक ती मान्य करते. पाचवा, मातृभाषा सोडू नये. शब्दाचे वजन हातास कळते ते प्रथम मातृभाषेत. ज्यास मराठीत नेटके पत्र लिहिता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या मालाची भलामण परभाषेत काय करावी?

शेवटची शंका यंत्राची. २०२२ च्या अखेरीपासून संगणकच मजकूर लिहू लागला आहे, भाषांतर तर क्षणार्धात करतो. मग माणसाचे काय? भाची ह्याविषयी खोटा धीर देत नाही. साधी वर्णने लिहिण्याचे काम कमी झाले, दरही उतरले. पुष्कळ गिऱ्हाइके यंत्राकडून लिहवून घेतात आणि केवळ तपासण्यास पाठवितात, आणि तपासणीचे दर लेखनाहून कमी. परंतु तपासताना जे करावे लागते ते पूर्वीचेच : सहा तासांनी पाणी किती अंशांवर राहते, हे कारखान्यास विचारणे, आणि दोन पानांत एकच गोष्ट आहे ना, हे पाहणे. यंत्रास सांगितले तर ते रक्तदाबाचे वाक्यही सुबक इंग्रजीत लिहून देईल. ‘हे मी लिहिणार नाही’ असे सांगून स्वतःचे नुकसान सोसणारे माणूस तेथे असावे लागते. अशा माणसास बाजारात किती काळ किंमत मिळेल ते मला सांगता येत नाही. आपल्या समाजात मात्र त्यास मान मिळालाच पाहिजे, एवढे मी जाणतो.

यास्तव मंडळापुढे मी दोन नम्र सूचना ठेवितो. पहिली, वधू-वर नोंदवहीतील ‘नोकरी’ व ‘घरीच’ असा भेद काढून टाकावा, आणि व्यवसायाच्या रकान्यात ज्याने त्याने स्वतःचा व्यवसाय स्वतःच्या शब्दांत लिहावा. लेखनिकाने केवळ उतरवून घ्यावे. दुसरी, शिष्यवृत्ती निधीतून आजवर आपण अभियांत्रिकी व वैद्यक यांस साह्य केले, ते योग्यच. परंतु भाषा शिकू इच्छिणाऱ्या एका तरी विद्यार्थ्यास दरवर्षी साह्य मिळावे. भाषा कोणती, हे विद्यार्थ्याने ठरवावे. माझ्या निवृत्तिवेतनातून त्यासाठी अकरा हजार रुपये आज मी खजिनदारांकडे देत आहे.

आणि एक कबुली. येथे येण्यापूर्वी मी ती जुनी वही काढली. माझी ओळ खोडली, तीही तांबड्या शाईने, शाळेतल्यासारखी. वर काय लिहावे ते भाचीस दूरध्वनीवरून विचारले. तिने सांगितले तेच अक्षरशः उतरविले आहे : ‘व्यवसाय : स्वतंत्र जाहिरातलेखन, चिनी व इंग्रजी.’ खाली माझी सही व तारीख आहे. ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी सभेनंतर जरूर पाहावे. मुलीचे लग्न ठरावे म्हणून ही दुरुस्ती नाही. तो तिचा प्रश्न, आणि ती त्यास समर्थ आहे. वहीत खरे असावे, एवढ्याचसाठी ही दुरुस्ती.